सरळ जाणारी गोळी

माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. सुमनआत्याचं. बाबा बार्शीला आडतीवर पोती उचलायचे, आई मिळेल त्या रानात खुरपायला जायची. घरात दहावी पास झालेली एकटी आत्या. नर्सिंगचा कोर्स करून ती परांड्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात लागली आणि तिनं मला उचलून आपल्या क्वार्टरमध्ये नेलं. पुढं मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्या पदवीच्या कागदावर नाव माझं असलं तरी तो कागद तिचा आहे, असं मी आजही मानतो.

आत्या इंजेक्शन द्यायची तेव्हा मी दाराशी उभा असायचो. औषधाच्या बाटलीवरचं नाव ती तीनदा वाचायची. उचलताना एकदा, सिरिंज भरताना एकदा, बाटली परत ठेवताना एकदा. मी एकदा म्हटलं, "आत्या, बाटली तीच आहे की! ती काय मधेच बदलते?"

"मला भीती वाटते, म्हणून वाचते."

"तुला? भीती?"

"मग! टोचलेलं परत काढून घेता येतं होय रे बाळू?"

मला तेव्हा हसू आलं होतं. सगळं गाव जिला घाबरायचं, त्या बाईला एका बोटभर बाटलीची भीती वाटते म्हणे.

आता मी आखातात, अल बर्शात राहतो. बार्शीचा माणूस बर्शाला पोचला, मधे फक्त एक काना इकडचा तिकडं झाला, असं माझी बायको पाहुण्यांना हमखास सांगते. मोजमापाची उपकरणं तपासून देणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करतो. गॅलरीतून मेट्रो दिसते. मे महिना लागला की इथली हवा बदलते. इमारतीच्या काचेच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं चढतं. एसीच्या बाहेरच्या पेट्यांतून पाणी ठिबकत राहतं आणि फुटपाथवर त्याचे हिरवट डाग पडतात. रस्त्याकडेच्या खजुराच्या झाडांवर हिरवे घोस लोंबू लागतात, मग माणसं शिड्या लावून त्यांना जाळीच्या पिशव्या बांधतात. ती पिशव्या बांधलेली झाडं दिसली की माझ्या तळहातांना घाम सुटतो. एसीत बसलो तरी सुटतो.

"बाबा, यू आर स्वेटिंग अगेन," मुलगी म्हणते.

"काही नाही गं. उकडतंय."

"इट्स ट्वेंटी-टू इन हिअर! एव्हरी समर यू डू धिस."

हा घाम जुना आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या एका उन्हाळ्याचा आहे, आणि त्याला पितळेचा वास आहे.

तेव्हा मी शारजात होतो. रोल्ला भागात एका खोलीत आम्ही सहा जण, दोन मजली पलंगांवर. नोकरी शिकारीच्या बंदुकांच्या एका परवानाधारक दुकानात. आमच्या गावाकडं बंदूक म्हणजे बँकेच्या दारातला रखवालदार, एवढीच माझी ओळख. मला ती नोकरी मिळाली ती स्क्रू गेजमुळं. दुकानाचे मॅनेजर फडकेसाहेब, मूळचे दादरचे. त्यांनी मुलाखतीत माझ्यासमोर मायक्रोमीटर आणि तांब्याची एक तार सरकवली आणि म्हणाले, "वाच." बार्शीच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्ही जे स्क्रू गेज म्हणायचो, तेच हे. मी तार बाजूला ठेवली आणि आधी रिकामा मायक्रोमीटर मिटवून पाहिला. तो शून्यावर येत नव्हता, जरासा पुढं थांबत होता. ती चूक वजा करून मी तारेचं माप सांगितलं. फडकेसाहेब खुर्चीत मागं रेलले. "चार जण येऊन गेले सकाळपासून. झीरो एरर कुणीच बघितली नाही. सायंटिस्ट, कधीपासून येतोस?" तेव्हापासून दुकानात माझं नाव सायंटिस्ट पडलं.

मे ते जुलै हा आमचा धंद्याचा मोसम. इथं अंगाची लाही व्हायची तेव्हा तिकडं पूर्व आफ्रिकेत गवत वाळायला लागायचं आणि जनावरं पाण्यावर यायची. इथले हौशी लोक तयारीला दुकानात यायचे. त्यांच्या पायघोळ कंदुऱ्याला अत्तराचा वास, पाठोपाठ ड्रायव्हरच्या हातात रायफलीची लांब पेटी, आणि तासन् तास गप्पा. मी मागच्या कोठारात असायचो. जाड भिंती, लोखंडी दार, सतत चालणारा एसी. तिथं काडतुसं. पहिल्या दिवशी मी हत्तीच्या शिकारीच्या रायफलीचं काडतूस हातात घेतलं तेव्हा ते माझ्या मधल्या बोटाहून लांब आणि अंगठ्याएवढं जाड होतं. थंडगार, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जड. मी ते दोन्ही हातांनी धरून होतं तिथं ठेवलं. झोपलेलं मूल ठेवतात तसं.

गोळ्यांच्या मुख्य दोन जाती. सॉफ्ट आणि सॉलिड. सॉफ्ट गोळीचं नाक मऊ शिशाचं असतं. ती अंगात शिरली की फुलासारखी उमलते आणि तिथंच थांबते. सॉलिड उमलत नाही. ती पोलादाच्या कवचात असते, किंवा अख्खी एकाच धातूची. हत्तीच्या कपाळाचं हाड, रानरेड्याच्या खांद्याचं हाड, यांतून तिनं न वाकता, न वळता, सरळ आरपार जावं म्हणून ती बनवलेली असते. ती वाकली तर समोरचं जनावर मरत नाही, आणि मग तुमच्याकडं दुसऱ्या नळीतली एकच गोळी उरते. अशा शिकारीला बरेच जण दुनळी रायफल नेतात. दोन नळ्या, दोन चाप, दोन बार. एक बिघडली तरी दुसरी उडते. तिसरा बार भरायला वेळ मिळेलच, असं कुणी सांगू शकत नाही.

हे सगळं मी कॅटलॉगांतून वाचलं. प्रत्यक्ष हत्ती मी पाहिला तो बार्शीच्या भगवंताच्या देवळापुढं, सोंडेनं केळी घेणारा. रात्री पलंगावर पडलो की तो देवळापुढचा हत्ती कान पसरून माझ्याकडं यायचा आणि माझ्या हातातली रायफल गोळ्या भरायला उघडायची नाही.

आमच्या दुकानाचे मालक अबू राशिद; आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणायचो. साठीचे, उंच, बारीक, डोळ्यांत सुरमा. त्यांच्या वडिलांना कुणा इंग्रजानं एक दुनळी रायफल दिली होती, पहिल्या महायुद्धाच्या आधीची. नळ्या तोंडाशी इतक्या पातळ की बोटाच्या नखानं वाजवलं तर नाजूक घंटेसारखा आवाज यायचा. ती रायफल आयुष्यभर भिंतीवर राहिली. त्या उन्हाळ्यात अबू राशिदांनी ठरवलं की वडिलांची रायफल घेऊन टांझानियात जायचं. हत्ती आणि रानरेडा. दुकानात सगळ्यांनी "माशाल्ला, माशाल्ला" केलं. एका मित्रानं त्यांना भेट म्हणून खास काडतुसं पाठवली. नव्या तऱ्हेची, अख्ख्या पितळेतून कातलेल्या सॉलिड गोळ्या. सोन्यासारख्या झळझळीत. पेटी उघडली तेव्हा फडकेसाहेबांनीसुद्धा शिट्टी वाजवली.

माझ्याकडं त्या फक्त नोंदीला आल्या होत्या. पण हातात आलं की मोजायचं, ही सवय. मी नळ्यांच्या आतलं माप काढून घेतलेलं होतंच. गोळी मोजली. शून्य तपासून पुन्हा मोजली. दुसरी पेटी उघडून मोजली. गोळ्या त्या नळ्यांपेक्षा केसभर जाड होत्या. आत शिसं असलेली गोळी नळीत शिरताना थोडी दबते आणि निघून जाते. अख्खं पितळ दबत नाही. मग दबायचं ते नळीनं. आणि त्या नळ्या म्हातारीच्या हाताच्या शिरेइतक्या पातळ. दोन्ही नळ्या झाळून जोडलेल्या असतात, तो सांधा उसवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे काय, ते मी मनात पुरतं उच्चारलंही नाही. चाप ओढताना माणसाचा डावा हात बरोबर त्या नळ्यांखाली असतो.

मी फडकेसाहेबांकडं गेलो.

"सर, ह्या गोळ्या त्या रायफलीत नकोत."

"का?"

मी कागद पुढं केला. त्यांनी तो पाहिला, घडी घातली आणि मलाच परत दिला. "अरे, यू आर ओव्हरथिंकिंग. गिफ्ट आहे ती. मित्राची गिफ्ट. अरबाबला जाऊन सांगणार तू की तुमच्या मित्रानं पाठवलेलं चालत नाही?"

"तुम्ही सांगा ना, सर."

"मी? माझ्या दोन मुली इथं शाळेत आहेत, बाबा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तुझा व्हिसा त्यांच्या सहीवर आहे. तू स्टॉक मोज. इन्शाल्ला काही होत नाही."

मी कोठारात परत आलो. भीती एकाच जातीची असते असं मला तोवर वाटायचं. त्या दुपारी माझ्या पोटात दोन होत्या, आणि त्या एकमेकींशी भांडत होत्या. बोललो तर मी परत बार्शीला. नाही बोललो तर त्या माणसाचा डावा हात. मी एसीसमोर उभा होतो आणि शर्ट पाठीला चिकटला होता. आडतीवरची पोती आठवत होती, आईचं खुरपं आठवत होतं, आणि माझ्या गावी जाणाऱ्या पैशांवर नव्यानं टाकलेले घराचे पत्रे. नाही बोललो तर चालेल, असं मनाला पटवण्यासाठी मी बराच वेळ घेतला. पटलं नाही.

अबू राशिद संध्याकाळी रायफल न्यायला आले. मी ती पेटीसकट त्यांच्यासमोर ठेवली, आणि पितळी काडतुसं ठेवली नाहीत.

"शू हाज़ा? गोली किधर?"

"अरबाब," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता, कुठूनतरी विहिरीतून आला. "ये गोली इस रायफल में नहीं चलेगा. गोली सख्त है, नली पतली है. आपका हाथ..." पुढचं हिंदी मला आठवेना. मी माझाच डावा हात वर केला आणि उजव्या हातानं तो मनगटाशी कापल्यासारखं दाखवलं.

फडकेसाहेब बिलं चाळू लागले. अबू राशिद माझ्याकडं बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटी मिटवली आणि ती माझ्याकडं सरकवली.

"तुम पढ़ा हुआ है?"

"जी अरबाब. बी.एस्सी."

"तो गोली तुम देगा. जो तुम देगा, वो मैं लेके जाएगा."

ते गेल्यावर फडकेसाहेब म्हणाले, "वाचलास रे सायंटिस्ट! खलास, मिटलं." माझ्या दृष्टीनं मिटलं नव्हतं, तिथून सुरू झालं होतं. तोवर मला दुसऱ्याच्या चुकीची भीती होती. आता माझ्या निवडीची.

पुढचे दिवस आठवतात ते वासांनी आणि आवाजांनी. करवतीनं कापलेल्या शिशाचा मातकट वास. काचेवरून घरंगळणाऱ्या काडतुसांचा खरखराट. पोलादी कवचाच्या जुन्या पद्धतीच्या सॉलिड गोळ्या कोठारात दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या होत्या, दोन्ही मापाला बरोबर. दुकानातल्या कारागिरानं दोन्हींतली एकेक गोळी काडतुसातून ओढून काढून दिली, आणि मी त्या उभ्या कापल्या. कापलेली गोळी फळासारखी दिसते. बाहेर साल, आत गर. एकीची साल एका बाजूला जाड होती, दुसऱ्या बाजूला पातळ. तिचा गर मधोमध नव्हता. दुसरीची साल सगळीकडं सारखी, नाकाशी अधिक जाड. मग त्या दुसऱ्या जातीची काडतुसं मी टेबलावर तिरकी काच ठेवून एकेक घरंगळत सोडली. जे डुगडुगलं त्यातली गोळी वाकडी बसलेली, ते बाजूला. कंटाळा येऊन पेंग यायची, आणि तेवढ्यात वाटायचं, आत्ता हे जे गेलं ते डुगडुगलं का? मग ती सगळी परत.

खोलीतला माझा सोबती सांगलीचा वसंता. तो चेष्टा करायचा. "आरं, लग्नाला पोरगी तरी इतकी बघून करशील का? का तिलाबी काचंवरनं सोडणार?" सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि जेवताना घास तोंडाशी नेता नेता थांबायचो.

मग वाळवंटातली ती सकाळ. अल धैदच्या रस्त्याला, अबू राशिदांच्या चुलतभावाच्या शेताच्या मागं परवानगीची नेमबाजीची जागा होती. ऊन चढायच्या आत पोचलो. काडतुसं मी बर्फ न घातलेल्या थर्मासच्या डब्यात ठेवली होती, गाडीच्या डिकीत तापू नयेत म्हणून. तापलेल्या काडतुसाची दारू जास्त जोरानं पेटते. समोर लाकडी खोक्यांची रांग, आणि खोक्यांत पाण्यात भिजवलेली वर्तमानपत्रं दाबून भरलेली. ओला कागद मांसासारखा अडवतो. रद्दी रोल्लातल्या किराणा दुकानांतून आणलेली, त्यामुळं बहुतेक सगळी मल्याळम.

"अख्खं केरळ भिजवलंस रे," फडकेसाहेब म्हणाले.

आधी गर मधोमध नसलेली गोळी. आवाज कानात बोटं घालूनही छातीत शिरला. तिसऱ्या खोक्याच्या कुशीला भोक होतं. गोळी आत जाऊन वळली आणि बाजूनं बाहेर पडली. जनावरात ती मेंदूऐवजी कुठं गेली असती, याचा विचार करत मी त्या जातीची उरलेली काडतुसं बाजूला काढली.

मग माझी. अबू राशिदांनी उजवी नळी झाडली. खोक्यांच्या रांगेला एका टोकाला भोक आणि दुसऱ्या टोकाला भोक. मधे सगळी भोकं दोरी धरल्यासारखी. मग त्यांनी पन्नास पावलांवरच्या कागदावर डावी-उजवी झाडली, आणि दोन्ही भोकं एकमेकांना जवळजवळ चिकटून पडली. म्हणजे रायफल घडवणाऱ्या त्या जुन्या कारागिरानं ज्या जोराच्या गोळीसाठी त्या दोन नळ्या जुळवल्या होत्या, तसलीच ही. खोक्यांमागं वाळूची एक उंच टेकडी होती. आरपार गेलेली गोळी तिथं शोधायला दोन माणसं हातांनी वाळू उपसत बसली. वाळू परत परत घसरायची. गोळी सापडली नाही. "वाळूनं गिळली," म्हणून सगळे हसले. अबू राशिदांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ज़ैन. यही."

मी एकदाच विचारलं, "अरबाब, जंगली भैंसे के लिए पहला गोली सॉफ्ट रखना क्या? कॅटलॉग में लिखा है."

"दो किस्म जेब में?" ते म्हणाले. "जब वो सामने आएगा, खौफ में हाथ क्या पकड़ेगा? तुम बोलो."

घाबरलेला हात काय करतो ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "एक ही रखो, अरबाब." आणि सगळी सॉलिड बांधून दिली.

जायच्या आदल्या दिवशी ते दुकानात आले आणि एकेकापाशी जाऊन काहीतरी हळू बोलले. ड्रायव्हरपाशी, चहावाल्यापाशी, कारागिरापाशी. मग कोठारात माझ्यापुढं उभे राहिले. "सामिहनी," म्हणाले. मला काही कळेना. मागून फडकेसाहेब कुजबुजले, "माफी मागतायत. बोल, माफ केलं म्हण." मी गडबडून म्हटलं, "अरबाब, आप क्यों..." त्यांनी माझं वाक्य पुरं होण्याची वाट पाहिली. शेवटी मी मान हलवली. तेव्हा कुठं ते गेले.

"ही काय पद्धत, सर?"

"लांबच्या प्रवासाला निघताना सगळ्यांची माफी मागून जातात. काही राहू नये म्हणून."

"ह्याआधी कधी मागितली होती?"

फडकेसाहेबांनी आठवून पाहिलं. "हजला गेले तेव्हा. दर वर्षी लंडनला जातात, तेव्हा नाही मागत."

त्यानंतरचा जुलै मला सलग आठवत नाही. कोठारातला फोन वाजला की माझ्या हातातली वस्तू खाली पडायची. रोल्लाच्या चौकात हिंडताना भाजलेल्या शेंगांचा वास यायचा आणि मला तो बंदुकीच्या दारूचा वाटायचा. खजुरांना जाळीच्या पिशव्या बांधून झाल्या, आतले घोस पिवळे झाले. मला त्या पिशव्यांत काहीतरी कोंडलेलं आहे असं वाटायचं. काचेवरून सोडलेलं प्रत्येक काडतूस डोळ्यांपुढून पुन्हा जायचं. एखादं डुगडुगलं होतं आणि मी पापणी मिटली होती, असं पहाटे वाटायचं. वसंता आता चेष्टा करत नव्हता. माझं ताट झाकून ठेवायचा.

मग एका सकाळी बाहेरून फडकेसाहेबांचा आवाज आला, "यल्ला! अरबाब सेफ आहेत! मारला रेडा, एका गोळीत!" ते कोठारात शिरून मला मिठी मारून म्हणाले, "हबीबी, हीरो झालास तू. समोरून येत होता तो. हाड फोडून सरळ आरपार." दुकानात मिठाई आली. मी एका स्टुलावर बसलो आणि मला उठताच येईना.

अबू राशिद परतले ते चार-पाच दिवसांनी. दुकानात गर्दी झाली, फोटो फिरले. फोटोत मेलेल्या रेड्यामागं सगळे ओळीनं उभे, एकमेकांच्या खांद्यांवर हात. गर्दी ओसरल्यावर ते कोठारात आले आणि दार ओढून घेतलं. सुरमा नव्हता डोळ्यांत.

"गोली सीधा गया," ते म्हणाले. "बहुत सीधा."

मग त्यांनी सांगितलं. रेडा पडला. सगळे जवळ गेले, फोटो काढले. गाडी आत आणायला वाट करायची होती. माग काढणारा माणूस, मसांजा त्याचं नाव, कोयता घेऊन मागच्या उंच गवतात शिरला. त्या गवतात एक म्हैस होती. रेड्याच्या मागं उभी असताना तिला लागलं होतं. रेड्याचं हाड, रेड्याचं अंग, सगळं ओलांडून माझी गोळी तिच्या पोटात गेली होती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आवाज न करता तिथं थांबून होती, फोटो काढेपर्यंत. अबू राशिदांनी पळत जाऊन तिला पाडलं, पण तोवर तिनं मसांजाला शिंगावर घेतलं होतं. त्याला गावच्या मिशनच्या दवाखान्यात ठेवलं आहे, खर्चाची व्यवस्था केली आहे, आपला एक माणूस तिथं बसवला आहे. डॉक्टर म्हणतात, थांबा.

ते दाराकडं वळले आणि थांबले.

"उधर पीछे टेकड़ी नहीं था," ते म्हणाले.

एवढं बोलून ते गेले. मी त्या वाक्याजवळ किती वर्षं बसलो आहे! आम्ही मोजलं, कापलं, घरंगळवलं, कागद भिजवले. गोळी आरपार जाईल का, हे आम्ही सगळ्या बाजूंनी विचारलं. आरपार गेल्यावर कुठं जाईल, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कसं सुचणार? आम्ही वाळवंटातली माणसं, निदान मी तरी तिथं येऊन तसा झालो होतो. आमच्याकडं कशाच्याही मागं वाळूच असते. ती सगळं गिळते, आणि आपण हसतो.

पुढच्या वर्षी मी ते दुकान सोडलं. अबू राशिदांनी चांगलं पत्र दिलं, त्या पत्रावर मला ही मोजमापाची नोकरी मिळाली. मी त्यांचाही ऋणी आहे. पण त्या दिवशी, ते कोठारातून गेले तेव्हा, मला एकच माणूस आठवलं ज्याला काही विचारता येईल. फोन करायला आत्याच्या गावात एकच बूथ होता, आणि तिथं सगळं गाव ऐकायचं. मी कोठारातल्या खोक्यावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन पत्र लिहिलं आणि त्याच दुपारी रोल्लाच्या पोस्टात टाकलं.

ती. सुमनआत्यास,

बाळूचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. बाबांच्या कमरेचं काय झालं ते कळव. आज मात्र दुसरंच विचारायला लिहितो आहे.

आफ्रिकेत एका माणसाला रानम्हशीचं शिंग लागलं आहे. उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली. पाहणाऱ्यानं सांगितलं की चार बोटं आत जातील एवढी जखम आहे. दुपारी लागलं आणि दवाखान्यात पोचेतो संध्याकाळ झाली. वाटेत तो शुद्धीवर होता. पाणी मागत होता, म्हणून त्यांनी पाणी पाजलं. पाजायला नको होतं का?

बैलानं मारलेली माणसं तुझ्याकडं यायची. तेव्हा तू मला बाहेर पिटाळायचीस, त्यामुळं पुढं त्यांचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. आता कळव. बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलेल्यांपैकी किती घरी आली? ताप कितव्या दिवशी चढतो? पोट फुगलं नाही तर धोका टळला असं धरायचं का? त्याच्याजवळ आमच्या मालकांचा एक माणूस बसलेला आहे. तू लिहिशील ते मी फोन करून त्याला सांगेन.

इथं सगळे म्हणतात, इन्शाल्ला बरा होईल. तू तसं लिहू नकोस. मला धीर यावा म्हणून काही लिहू नकोस. तू जे डोळ्यांनी पाहिलं आहेस तेच लिही.

त्याचं नाव मसांजा आहे. वय माझ्याएवढंच असेल. गोळी मी निवडून दिली होती, म्हणून विचारतो.

तुझा,
बाळू